सायबर चौक ते विद्यापीठ: सायकलची मार्गिका नुसत्या पट्ट्याने का होत नाही?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात सायबर चौकातून शिवाजी विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर केएमटीच्या बस, वडापच्या गाड्या, महामार्गाकडे निघालेल्या मोटारी आणि सायकलवरची शाळा-कॉलेजची मुले एकाच डांबरावरून जातात. अशा रस्त्यावर सायकलसाठी स्वतंत्र मार्गिका करायची झाल्यास ती कशी असावी, हे आज पाहू. कडेला पांढरा पट्टा ओढला म्हणजे काम झाले, असे मला वाटत नाही.

आधी वेगाचे गणित. आदळणाऱ्या वाहनाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तीच मोटार ताशी 30 ऐवजी 50 किलोमीटरने आली तर तिचा दणका जवळजवळ पावणेतीन पट असतो. पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जिथे एकत्र वावरतात तिथे कमाल वेग 30 ठेवावा, असे रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे. मंगळवार पेठेतल्या बोळांत वेगळी मार्गिका मागण्यात अर्थ नाही, तिथे वेग आटोक्यात ठेवला की भागते. वाहने जिथे सुसाट जातात, तिथे मात्र सायकलला स्वतःची जागा द्यावीच लागते.

ही जागा येणार कुठून, हा पहिला आक्षेप असतो. समजा, दुभाजकापासून कडेपर्यंत 9 मीटर डांबर आहे. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, म्हणजे सव्वातीन मीटरच्या दोन मार्गिका वाहनांना पुरतात. उरलेल्या अडीच मीटरपैकी अर्धा मीटर मधल्या उंच कठड्याला आणि दोन मीटर सायकलला देता येतात. यात फुटपाथची एक इंचही जागा घ्यायची नाही, नाहीतर सायकलस्वाराला वाचवताना आपण पादचाऱ्याला रस्त्यावर उतरवू.

कठडा हवाच, कारण पट्ट्याच्या आतल्या जागेत संध्याकाळपर्यंत मोटारी, रिक्षा आणि हातगाड्या उभ्या राहतात आणि सायकलवाला तिथून थेट बसच्या पुढ्यात बाहेर पडतो. ही तर आधीपेक्षा वाईट गत. पार्किंग द्यायचेच असेल तर ते कठड्याच्या बाहेरच्या बाजूला द्यावे, म्हणजे उभ्या मोटारीच सायकलचे संरक्षण करतील, फक्त दार उघडण्यापुरते अंतर मध्ये सोडावे लागेल. मार्गिकेच्या तोंडाशी एकमेकांपासून 1.2 मीटर अंतरावर खांब रोवले की रिक्षा आत शिरत नाही, पण व्हीलचेअर जाते. मोटारसायकल मात्र खांबांनी अडत नाही, तिथे पोलीस आणि कॅमेरा यांवाचून इलाज नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

आता जरा खाली पाहा. पावसाच्या पाण्याची जाळी नेमकी कडेला, म्हणजे सायकलच्या वाटेतच असते आणि तिचे गज रस्त्याच्या दिशेने असले की बारीक चाक फटीत रुतते. आपल्याकडच्या पावसात वर घोटाभर पाणी साचले की ती फट दिसतही नाही. गज आडवे बसवले की चाक वरून निघून जाते.

बसथांब्यापाशी मार्गिका थांब्याच्या मागून न्यावी, म्हणजे थांब्याला लागणारी बस सायकलच्या वाटेत येत नाही आणि प्रवासी थेट सायकलपुढे उतरत नाहीत. सर्वांत अवघड जागा चौकाची. डावीकडे वळणारा चालक उजवीकडून येणाऱ्या वाहनांकडे पाहत असतो आणि त्याच्या डाव्या खांद्याशी सरळ जाणारी सायकल त्याच्या नजरेतच येत नाही. म्हणून कोपऱ्याची गोलाई आवळावी (म्हणजे वाहन हळू वळेल), सायकलची ओलांडण्याची जागा थोडी उंच करावी आणि कोपऱ्याच्या अलीकडचे काही मीटर पार्किंगमुक्त ठेवावेत. चौक आला की मार्गिका गायब, असा आराखडा असेल तर तो परत पाठवलेला बरा.

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेल्या कलम 198 अ नुसार रस्त्याच्या आराखड्याचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून निविदा निघण्याआधीच महापालिकेकडे रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा मागावा आणि त्यात सायकलला किती मीटर दिले आहेत, कठडा कुठे आहे, चौकात काय केले आहे, हे तपासावे. जाळ्या फिरवून घेण्यासाठी तर निविदेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. विभागीय कार्यालयात जागेच्या फोटोसह अर्ज दिला, तर ते काम पावसाळ्याआधी उरकण्यासारखे आहे.