अडकलेली खिडकी: दोष लॉकचा की चाकांचा?

श्रोतेहो, सरकत्या खिडकीचं लॉक लागेनासं झालं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. हार्डवेअरच्या दुकानातून नवं लॉक येतं, जुन्याच्या जागी बसतं आणि तेही लागत नाही. मग लॉकच हलकं दिलं म्हणून दुकानदाराच्या नावानं खडे फोडले जातात. खरं तर अशा खिडक्यांमध्ये लॉक बरेचदा धडधाकट असतं. काचेची झडप खालच्या ट्रॅकमध्ये चाकांवर सरकते; तीच खाली बसलेली असते.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी एक तपासणी करा. झडप अर्धी उघडा आणि लॉकचा खटका वरखाली करून बघा. उघड्या झडपेवर तो सहज फिरत असेल, हूक पूर्ण बाहेर येऊन परत आत जात असेल, तर लॉक चांगलं आहे. हूक चौकटीतल्या खाचेत शिरत नाही, एवढाच प्रश्न आहे. खटका उघड्या झडपेवरही घट्ट असेल किंवा निर्जीव लोंबत असेल, तरच लॉककडे वळायचं.

हूक नेमका कुठे आपटतो ते बघायला हुकाच्या टोकाला तेलात कालवलेलं चिमूटभर कुंकू लावा, झडप बंद करा आणि खटका दाबा. झडप उघडलीत की चौकटीवर लाल खूण दिसेल. ती खाचेच्या खाली दोन-तीन मिलिमीटर असेल, तर झडप तेवढी खचली आहे. आता झडप चौकटीपासून अर्धा इंच दूर ठेवा आणि उभी फट बघा. फट वरच्या बाजूला अरुंद असेल तर लॉकच्या बाजूचं चाक खाली गेलेलं आहे. वर रुंद असेल तर मागच्या बाजूचं. वरपासून खालपर्यंत सारखीच असेल तर दोन्ही चाकं सारखी झिजलीत, किंवा ट्रॅकमध्ये घाण आहे.

घाणीपासूनच सुरुवात करावी, कारण त्याला पैसे पडत नाहीत. ट्रॅकमध्ये धूळ, केस, सिमेंटची भुकटी आणि मेलेले किडे यांचा थर बसतो. जुन्या टूथब्रशनं तो सोडवा, रंगाच्या कोरड्या ब्रशनं उचला आणि मग ओल्या फडक्यानं पुसा. बाहेरच्या चौकटीला खाली पाणी वाहून जाण्यासाठी छोटी भोकं असतात, ती खराट्याच्या काडीनं मोकळी करा. पावसात त्या भोकांतून वारा पाणी आत फेकतो म्हणून काही घरांत ती सिलिकॉन भरून बुजवलेली असतात. हा शहाणपणा महाग पडतो. पाणी ट्रॅकमध्ये साचतं, चाकांची बेअरिंगं गंजतात, आणि पुढच्या पावसाळ्यात झडप हलत नाही.

साफ करूनही हूक खाली आपटत असेल, तर झडपेच्या खालच्या कोपऱ्यांत, कडेच्या बाजूला, छोटं भोक आहे का बघा. असेल तर आत चाक वरखाली करायचा स्क्रू असतो. तो एका वेळी अर्धा फेरा फिरवा आणि फटीकडे बघा. झडप वर जाते आहे की खाली, ते लगेच कळतं. स्वस्तातल्या चाकांना हा स्क्रू नसतो; ती बदलावीच लागतात.

चाकं बदलायला झडप काढावी लागते, आणि इथे घाई नको. चार मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला 10 किलो भरते, पाच मिलिमीटरची साडेबारा. म्हणजे दोन बाय चार फुटांच्या झडपेत नुसती काच सात किलोंच्या पुढे जाते, वर अॅल्युमिनियम वेगळं. दोन माणसं हवीत. आतल्या ट्रॅकवरची झडप आधी निघते. वरच्या ट्रॅकजवळ झडप उचलू न देणारा प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर तो सोडवा. मग झडप सरळ वर उचला आणि खालची कड खोलीच्या आत ओढून घ्या. बाहेर ग्रिल नसेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर हे काम कारागिरालाच द्या.

आता लॉक बंद स्थितीत अडकलं असेल तर काय? खटक्यावर जोर मुळीच लावू नका. तो बहुधा ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. असा खटका वाकत नाही, तुटतो. एका तळव्यानं झडप चौकटीकडे दाबून धरा, म्हणजे हुकावरचा ताण उतरेल. दुसऱ्या माणसाला झडप जराशी वर उचलायला सांगा आणि मग खटका हलवा. तरीही हलला नाही, तर डब्ल्यूडी-फॉर्टीसारखा गंज सोडवणारा स्प्रे बारीक नळीनं फटीत मारा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बघा.

मात्र हा स्प्रे टिकाऊ वंगण नव्हे. लॉक सुटलं की आतली घाण पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल अजिबात नको. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटलीतलं तेल गोठतं तसंच लॉकमधलंही. शिवाय त्यावर धूळ चिकटते. ट्रॅकमध्ये तर कुठलंच तेल किंवा ग्रीस नको, धुळीबरोबर त्याचा चिखल होतो.

लॉक बदलायचंच ठरलं तर जुनं लॉक काढून दुकानात सोबत न्या. सेक्शन म्हणजे खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या; पाऊण इंची सेक्शनचं लॉक आणि डोमल नावाच्या सेक्शनचं लॉक वेगळं असतं. दोन स्क्रूंमधलं अंतर आणि हूक किती बाहेर येतो, हे जुन्याशी ताडून बघा. जुना स्क्रू निघत नसेल तर स्प्रे मारा, पेचकसाच्या मुठीवर हलकी थाप द्या, स्क्रू आधी किंचित आवळा आणि मग सोडा. डोकं झिजलं असेल तर पेचकस आणि स्क्रू यांच्यामध्ये रुंद रबरबँड ठेवून बघा. नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे लोखंडी स्क्रू गंजून अॅल्युमिनियममध्ये जाम होतात. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर 304 ऐवजी 316 दर्जाचे मिळाले तर उत्तम. त्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खाऱ्या हवेला सहजी दाद देत नाहीत.

ज्यांच्याकडे यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडक्या आहेत, त्यांच्या खिडकीचा उघडायचा दांडा सैल होतो. दांड्याच्या मुळाशी असलेलं झाकण हलकेच उचलून नव्वद अंश फिरवा. खालचे दोन स्क्रू आवळले की बहुधा काम होतं. दांडाच बदलायचा तर आतली चौकोनी सळई सात मिलिमीटरची आहे का आणि तिची लांबी जुन्याइतकीच आहे का, ते पाहून घ्या.

लाकडी खिडकीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कडी भोकासमोर येत नाही. अशा वेळी रंधा मारण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर एप्रिलमध्ये त्याच जागी बोटभर फट पडेल. त्याऐवजी कडी जिथे शिरते त्या पट्टीचं भोक गोल कानशीनं दोन मिलिमीटर वाढवा. झडप वरच्या बिजागरीपाशी सुटून लोंबत असेल, तर स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा, एक दिवस वाळू द्या आणि मगच स्क्रू परत आवळा. दिवाळीच्या रंगकामात कडीवरही ऑइल पेंटचा हात फिरलेला असतो. टर्पेंटाइनला तो वाळलेला रंग विरघळत नाही. कडीच्या कडेनं ब्लेड फिरवून थर कापा, कडी सोडवून खरवडा आणि बसवण्याआधी तिच्यावर मेणबत्ती घासा.