ओसरीवरचं टपाल

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात ह्यांच्या इनबॉक्सपासून करते. परवानगी घेतलेली आहे. ते स्वतः तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्तापासूनच छताकडे बघतायत.

मागच्या दिवाळीत आमच्या भाचीने ह्यांना फोटो पाठवले, ते पोचेनात. तिला उलट निरोप आला की समोरची पेटी भरली आहे. मी ह्यांचा इनबॉक्स उघडला, तर न वाचलेले मेल ३१ हजारांच्या वर! चपला, विमा, शेअर बाजाराच्या टिपा, कधीकाळी एकदा तिकीट काढलं त्या बसवाल्यांच्या सवलती. आणि एका परदेशी विधवेचं पत्र. तिला आपली सगळी इस्टेट ह्यांच्याच नावावर करायची होती. म्हटलं, अहो, एवढं चालून आलेलं घरबसल्या घालवलंत!

खरं सांगायचं तर पेटी जंक मेलने भरली नव्हती. जीमेल १५ जीबी जागा फुकट देतं, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. ह्यांची जागा खाल्ली होती व्हिडिओंनी. एक जाहिरातीचा मेल शंभर केबीचा धरला तरी ३१ हजारांचे तीन जीबीच होतात. जंक मेल जागा खात नाही, लक्ष खातो. ह्यांनी इनबॉक्स उघडणंच सोडून दिलं होतं. वीजबिलाचा मेलही त्या ढिगात, आणि मग दंड भरून आलो.

मी नोकरीत बावीस वर्षं एका कंपनीचा मेल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे मेल आणणारा-नेणारा संगणक, सांभाळला. सकाळी गेल्या गेल्या आधी क्यू बघायचा, म्हणजे तुंबलेल्या मेलची रांग. २००३ च्या सुमाराला अशी वेळ होती की रांगेत कामाचे मेल शोधावे लागत. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत आले आहे: हे स्पॅम, म्हणजे न मागितलेले जाहिरातींचे मेल, पाठवणारे लोक थकत कसे नाहीत?

उत्तर पोस्टकार्डात आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, घरी निनावी कार्डं यायची. अमुक देवाचा महिमा, आणि शेवटी ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास अनिष्ट घडेल.’ आमच्या आईने एकदा घाबरून लिहायला घेतली. कार्ड पंधरा पैशांचं. अकरा कार्डांचे एक रुपया पासष्ट पैसे, वर अकरा वेळा तोच मजकूर हाताने लिहायचा. पाचव्या कार्डाला आईचा हात दुखला आणि भीती संपली. ते पंधरा पैसे आणि तो दुखरा हात हाच त्या काळचा स्पॅम फिल्टर होता.

ईमेलने नेमकं तेच काढून टाकलं. ३ मे १९७८ ला अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या गृहस्थांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, चारेकशे लोकांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली. ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्रेते, आणि जाहिरात होती कॅलिफोर्नियातल्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाची. लोक संतापले, तंबीही मिळाली. पण विक्री उत्तम झाली, असं ते पुढे अभिमानाने सांगत. तेव्हा या प्रकाराला नावही नव्हतं. ‘स्पॅम’ हे डबाबंद मांसाचं नाव, १९३७ पासूनचं. ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी प्रहसनात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच घातलेलं असतं, तिथून ते इकडे चिकटलं. आपल्याकडे खानावळीत रोज दुधी असतो, त्यातलाच प्रकार.

आता हिशेब ऐका. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या जाळ्यात शिरून मोजदाद केली. औषधांच्या जाहिरातीचे जवळजवळ ३५ कोटी मेल. २६ दिवस. गिऱ्हाइकं किती? अठ्ठावीस. लाख नाही, हजार नाही, २८ माणसं. औषधं कसली ते इथे सांगत नाही, विचारूही नका. आणि हे मेल पाठवले कुणी, तर व्हायरस शिरलेल्या, लोकांच्या घरातल्या संगणकांनी. संगणक तुमचा, वीजबिल तुमचं, इंटरनेट तुमचं. अशा धंद्याला कोट्यवधींत २८ माणसं पुरतात. उरलेल्यांनी शिव्या दिल्या तरी पाठवणाऱ्याला त्या ऐकूच जात नाहीत.

२००४ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्यांच्या डोक्यातल्या उपायांपैकी एक असा होता, की अनोळखी पाठवणाऱ्याला मेलमागे काहीतरी किंमत मोजायला लावायची. म्हणजे पुन्हा पंधरा पैशांचं कार्डच! ते काही झालं नाही.

मग आपल्या हातात काय? माझ्या मते एवढंच, की दारात आलेला कोण आहे हे आधी ओळखायचं. काहींना ‘नको’ म्हणायचं असतं आणि काहींशी बोलायचंच नसतं. आपण नेमकं उलटं करतो. दुकानदारावर मनातल्या मनात चिडतो आणि चोराला सविस्तर उत्तर लिहितो.

दुकानदार म्हणजे ज्याला पत्ता आपणच दिलाय तो. बिलाच्या काउंटरवर ‘मॅडम, ईमेल?’ म्हटलं की आपण शाळेत हजेरी दिल्यासारखा पत्ता सांगून मोकळे होतो. त्याला ‘नको’ म्हणा, तो ऐकतो. ऐकावंच लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम केलाय. त्यांच्या खातेदारांना मोठ्या प्रमाणावर, गूगलच्या हिशेबात दिवसाला पाच हजारांवर, मेल पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत ‘अनसबस्क्राइब’ होण्याची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं. हे बटण मेलच्या वरच्या भागात, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी येतं. तळाशी मुंगीच्या अक्षरात जी लिंक असते ती शोधत बसू नका. जीमेलमध्ये आता ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ नावाची यादीही मिळते, कोण किती मेल पाठवतो त्यासकट. ह्यांची यादी मी मोठ्याने वाचून दाखवली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना ट्रॅक्टरच्या सुट्या भागांत रस आहे हे मला तेव्हा कळलं.

दुसरा, ज्याला तुम्ही पत्ता दिलेलाच नाही. कुणीतरी याद्या विकल्या, कुणीतरी विकत घेतल्या. याच्या मेलमध्येही ‘अनसबस्क्राइब’ असतं, पण ते दाबू नका. दाबलंत की त्याला कळतं, घरात माणूस आहे. कित्येक मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र असतं, ते उतरलं तरी मेल उघडल्याचा पत्ता लागतो. म्हणून बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नका, अशी सेटिंग करून ठेवा. अशा मेलला ‘रिपोर्ट स्पॅम’ करायचं, बस्स.

पण ते बटण जपून. इथे मी जुनी सर्व्हरवाली म्हणून थोडी भांडणार आहे. स्वतः नाव नोंदवलेल्या पत्रकाचा कंटाळा आला की लोक सर्रास ‘स्पॅम’ दाबतात. गूगलच्या याच नियमांत असं आहे की मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्याविरुद्ध हजारात तीन तक्रारींची पातळी गाठली जाऊ नये. हजारात तीन! गाठली की त्याचे मेल इतरांच्याही इनबॉक्सात पोचेनासे होतात. तुमचा कंटाळा, शिक्षा दुसऱ्याला.

मी ती शिक्षा भोगलेली आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ऑगस्टमध्ये मला लेख मागितला. त्यांनी नवा पत्ता घेतला होता आणि चाळीस लेखकांना एकाच मेलमध्ये घातलं होतं. फिल्टरला संशय आला. मेल माझ्या स्पॅममध्ये गेला. जीमेल स्पॅममधला मेल तीस दिवसांनी पुसून टाकतं. सप्टेंबरअखेर त्यांचा फोन आला, ‘ताई, नाही म्हणायचं होतं तर तसं कळवायचं तरी.’ तोवर अंक छपाईला गेला होता. आता दर रविवारी, चहा होईपर्यंत, मी स्पॅमची पेटी चाळते. दोन मिनिटं लागतात. फिल्टर हे शेवटी अंदाजाचं यंत्र आहे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकेतल्या प्रोग्रामरनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची पद्धत मांडली आणि ती फार चालली. तिचं गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपलं गणित पुढे कशाकशाच्या जाहिराती निवडायला लागणार आहे!

आता तिसरा, चोर. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मास्तर आहेत. एका रात्री साडेअकराला त्यांनी दार वाजवलं. हातात फोन, चेहरा पांढरा. मेल आला होता तो त्यांच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. ‘मी तुझा संगणक ताब्यात घेतलाय, कॅमेऱ्यातून सगळं पाहिलंय, बिटकॉइनमध्ये पैसे दे.’ आणि मजकुरात त्यांचा खरा पासवर्ड. मास्तर म्हणाले, ‘अहो, मी काहीच केलेलं नाही, पण तो म्हणतो म्हणजे काहीतरी असेल.’ या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं.

काय झालं होतं? मेल ज्या नियमांनी चालतो ते १९८२ सालचे आहेत. तेव्हा वापरणारे मूठभर, एकमेकांना ओळखणारे. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून जे लिहाल ते खरं धरायचं, असा तो भाबडा कारभार. त्यामुळे मास्तरांच्या नावाने मास्तरांनाच पत्र टाकता येतं. पासवर्ड होता, पण जुना, कुठल्याशा संकेतस्थळावरून चोरीला गेलेल्या यादीतला. तशा याद्या हजारोंनी फिरतात. आपला पत्ता त्यांत सापडतो का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. मास्तरांचा तीन ठिकाणी सापडला. आम्ही पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डवर आणखी एक खातरजमा, सुरू केली, मेलला उत्तर दिलं नाही. पुढे काही झालं नाही, कारण कॅमेऱ्यात कुणी नव्हतंच.

पाकिटावर मोहोर उमटवायच्या पद्धती नंतर आल्या, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा नावांच्या. संगणकावर मेल उघडून तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ दाबलंत तर त्या दिसतात, शेजारी ‘पास’ किंवा ‘फेल’. मात्र ‘पास’ म्हणजे माणूस सज्जन असं नव्हे. ज्या पत्त्याचं नाव सांगितलंय तिथूनच तो आलाय, एवढंच. चोर स्वतःच्या नावाचं पाकीट विकत घेऊन आला तर मोहोर खरीच असते. म्हणून पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. बँकेचं नाव सांगणारी लिंक भलत्याच शेवटाची असेल तर हात मागे घ्या. आणि शेवट बरोबर दिसला तरी मेलमधल्या लिंकवरून बँकेत जाऊच नका, पत्ता स्वतः टाइप करा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन. दुसऱ्या दिवशी मुलाला विचारून नाही, त्याच क्षणी.

ह्यांच्या त्या विधवेबद्दल सांगायचं राहिलं. ती पत्रं इतकी ढोबळ का असतात, असं तुम्हालाही वाटत असेल. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं फार छान उत्तर दिलं. ढोबळपणा मुद्दाम असतो. पत्र पाठवणं फुकट, पण उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे बोलण्यात चोराचा वेळ जातो. म्हणून शहाण्याने पहिल्या ओळीलाच हसून पत्र फेकावं, ही त्याचीच इच्छा. जो हसत नाही, तोच त्याला हवा असतो. तेव्हा ‘मी त्याची जरा गंमत करतो’ म्हणून उत्तर लिहिणारे जे कोणी इथे आहेत, नावं घेत नाही, त्यांनी आपण कुठल्या यादीत जातोय ते बघावं.

आत्ता कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, ‘कायदा नाही का?’ अमेरिकेत २००३ पासून जाहिरातींच्या मेलसाठी वेगळा कायदा आहे. आपल्याकडे १९०९ वर नको त्या कॉलची आणि एसएमएसची नोंद होते, मेलची नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क आहे. पण त्याची वाट बघत इनबॉक्स उघडा टाकू नका.

मी स्वतः काय करते ते सांगते. जुन्या घरांना ओसरी असायची आणि माजघर असायचं. कुणीही आला तरी ओसरीवर पाणी मिळायचं, माजघरात घरचीच माणसं. माझे तसे दोन पत्ते आहेत. दुकानं, तिकिटं, स्पर्धा, मोफत पुस्तिका, सगळं ओसरीवर. बँक, डॉक्टर, भाची आणि दिवाळी अंक माजघरात. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडूनही पत्ता चालतो. त्यावरून आपलं नाव कुणी विकलं ते कळतं, पण आपल्याकडच्या पुष्कळ साइट तो पत्ता घेतच नाहीत. दोन पत्ते सोपे.

ह्यांचा इनबॉक्स साफ करायला तीन संध्याकाळी लागल्या. जुने मेल एकेक करून पुसत बसलो नाही. पाठवणाऱ्याचं नाव शोधायचं, सगळे निवडायचे, पुसायचे, आणि त्याच्या यादीतून नाव काढायचं. शेवटी एक रोपवाटिका उरली, रोज फुलांचे फोटो पाठवणारी. मी बटणावर बोट ठेवलं, तर हे म्हणाले, ‘ती राहू दे.’ आमच्या बाल्कनीत तुळशीपलीकडे कुंडी मावत नाही. तरी रोज सकाळी ती फुलं बघून होतात, आणि मग पेपर.