पैलवानाचं कासव

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, टीव्हीच्या बाजूला एक प्लास्टिकचं भांडं असेल. त्यात बोटभर पाणी, मधे प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि त्या झाडाखाली रुपयापेक्षा थोडं मोठं हिरवं कासव. सरपटणारे प्राणी पाळायचं म्हटलं की लोकांना साप आठवतो, गळ्यात अजगर घेऊन फोटो काढणारा माणूस आठवतो. पण मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना चालवते आणि माझ्या टेबलावर येणारा सरपटणारा प्राणी म्हणजे बहुतेक वेळा हे हिरवं कासव. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकते. नाग, धामण, अजगर, घोरपड, मांडूळ, आपल्या ओढ्या-तळ्यांतली कासवं, पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव, यातलं काहीही घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो. मांडुळानं गुप्तधन सापडतं, स्टार कासवानं घरात लक्ष्मी येते, असं सांगणारे भेटतात. त्यात तसूभरही तथ्य नाही. त्यापायी मुके जीव पोत्यांत, पेट्यांत भरून विकले जातात. २०१९ साली स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी आली, इतकी वेळ आली त्या प्राण्यावर. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण आत जातो. कासवाला मान द्यायची आपली रीत ती आहे, तिजोरीशेजारी डबीत कोंडायची नाही. असं एखादं कासव कुणाच्या घरात असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता ते हिरवं कासव. ते आपलं नव्हे. ते अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. डोळ्याच्या मागे लाल पट्टा असतो, म्हणून त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. दुकानात ते नाण्याएवढं असतं, म्हणून लहान जातीचं असेल असं वाटतं. ते जातीनं लहान नाही, ते तान्हं आहे. मादी वाढून फूटभर होते आणि नीट सांभाळलं तर हे कासव २०-३० वर्षं जगतं.

यावर मी तासभर बोलू शकेन, पण मला आबांची गोष्ट सांगायची आहे.

२०१४ चा श्रावण. दवाखान्यात आबा आले. शुक्रवार पेठेतले, तरुणपणी तालमीत नाव काढलेले पैलवान, पुढं वस्ताद. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, अंगात पांढराशुभ्र सदरा. हातात स्टीलचा डबा आणि त्यावर पंचा झाकलेला. त्यांच्या दारात म्हशी होत्या, त्यामुळे मला वाटलं दूध तपासायला आणलंय. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पंचा काढला. आत कासव. नातवाला वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पाय बाहेर लोंबकळलेले.

"खातंय का, आबा?"

"आठ दिस झालं, तोंड उघडत न्हाई."

"आणि त्याआधी काय देत होता?"

"खुराकात कसर न्हाई केली, डॉक्टरीणबाई. भिजवून सोललेलं बदाम. घासून, दुधात कालवून. वर तुपाचा थेंब."

श्रोतेहो, मला हसू आलं नाही. या माणसानं आयुष्यभर ज्या खुराकावर पोरं घडवली, तोच खुराक तो या जिवाला घालत होता. त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं त्यानं दिलं होतं. दुकानात मिळणारी वाळलेली कोळंबी नातवानं आधी दिली होती, ती संपली, मग आबांनी स्वतः लक्ष घातलं.

मी आबांचा अंगठा धरला आणि कासवाच्या पाठीवर टेकवला. म्हटलं, हळूच दाबा. पाठ दबली. शहाळ्यातलं कोवळं खोबरं दबतं, तशी. आबांनी चटकन हात मागं घेतला.

"हाड न्हाई व्हय ह्याला?"

"हाडच आहे, आबा. ही पाठ म्हणजे त्याचा मणका आणि बरगड्या. तेच हाड मऊ पडतंय."

मग मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. उन्हात बसल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. आणि उन्हातल्या अतिनील किरणांमुळं त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर पोटात कॅल्शियम कितीही जाऊ दे, अंगी लागत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडातलं काढून घेतं. डोळे सुजतात ते बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळं. म्हणजे टीव्हीशेजारच्या डबीतलं कासव भरल्या ताटावर उपाशी असतं.

मी म्हटलं, "आबा, तालमीतलं पोरगं सहा महिने अंधाऱ्या खोलीत ठेवलं आणि नुसतं बदाम चारलं तर?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "वाकडं हुईल की."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो सगळेच विचारतात. खिडकीत ठेवलं तर चालेल का? नाही चालत. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाड घडवणारा किरण काचेवर अडतो. साध्या पिवळ्या बल्बचंही तेच, ऊब मिळते, तो किरण मिळत नाही. हल्ली आपण गॅलऱ्यासुद्धा काचेनं बंद करून घेतो. धूळ येते म्हणून, पाऊस येतो म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मग ऊन घ्यायचं कुठं? मला ते अजिबात पटत नाही, पण तो विषय निराळा.

आबांनी घरी जाऊन परड्यातली म्हशींना पाणी पाजायची जुनी दगडी डोण घासून काढली. एका बाजूला चार विटा रचून उतार केला, कासवाला चढून कोरडं बसता येईल असा. अर्धी डोण उन्हात, अर्धी सावलीत. वर जाळी, कारण कावळा आणि मांजर. सकाळी सात ते नऊ आबा शेजारी बाजेवर बसायचे. मी आठवड्याला एकदा इंजेक्शन देत होते. बाराव्या दिवशी डावा डोळा उघडला. पंधराव्या दिवशी आबांचा फोन आला, आवाज भरून आलेला, "गांडूळ गिळलं."

दर पंधरवड्याला ते दवाखान्यात यायचे, आधी स्वतः पाठीवर अंगठा टेकवायचे, मग मला टेकवायला लावायचे. संक्रांत उलटली तेव्हा पाठ टणक लागली. थंडीत ते डोण सोडून त्याला रात्री आत घ्यायचे, कारण गारठलेल्या कासवाच्या पोटात अन्न तसंच कुजतं. मधे एकदा नातू म्हणाला, आता बरं झालंय, रंकाळ्यात सोडूया. मी त्याला बसवून सांगितलं, की हे कासव रंकाळ्यात मरणार नाही, जगेल, हीच तर अडचण आहे. ते माशांची पिल्लं खातं, बेडकांची अंडी खातं, आणि आपली कासवं ज्या दगडावर ऊन घेतात तो दगडही बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आबा शेजारी बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तुम्हाला तो महापूर सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. शुक्रवार पेठेत घरांत पाणी शिरलं. मी त्या दिवसांत जनावरांच्या छावणीवर होते. नावेतून माणसं आणत होते, त्यात आबा उतरले. गुडघ्यापर्यंत धोतर भिजलेलं, कपड्यांचं बोचकं सुनेच्या हातात आणि आबांच्या दोन्ही हातांत झाकणाला भोकं पाडलेली बादली.

नाव चालवणाऱ्या पोरानं मला नंतर सांगितलं. नावेत जागा कमी, माणसं जास्त. तो म्हणाला, "आबा, कासव हाय ते, पवतंय की. सोडा पाण्यात."

आबा म्हणाले, "पवतंय म्हणूनच सोडत न्हाई."

आणि बादली मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवशी चहूकडं नदीच होती. हात सैल सोडला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. शाळेत निवाऱ्याला ते नऊ दिवस होते. पिण्याच्या पाण्याची टंचाई, तरी स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातून बादलीचं पाणी बदलायचे. पोरं कासव बघायला गोळा झाली की म्हणायचे, लांबनं बघा. कुणी हात लावलाच तर स्वतः उभं राहून साबणानं हात धुवायला लावायचे. ते मी त्यांना कधीतरी सांगितलेलं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यानं लहान मुलांना जोराचे जुलाब होतात. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आहे. त्यांच्याच नदीतलं कासव, त्यांनीच बंदी घातली, आणि आपण तेच बोटाएवढं कासव पाच वर्षांच्या पोराच्या हातात देतो.

तर ज्यांच्या घरी हे कासव आधीच आहे त्यांच्यासाठी. दोन गोष्टी. ऊन आणि कोरडी जागा. पुन्हा सांगते, ऊन आणि कोरडी जागा. काचेशिवायचं कोवळं ऊन रोज, जवळ सावली हवीच, नाहीतर बंद भांड्यात ते उकडून मरेल. पोहता येईल एवढं खोल पाणी, कारण ते घास पाण्यातच गिळतं. पाणी वरचेवर बदला, पण ते भांडं स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. खायला गांडूळ, माशाचा बिनमिठाचा तुकडा, आणि मोठं झालं की शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. लव्हबर्डच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेन पाण्यात टाकून ठेवा, कॅल्शियम मिळतं. दूध नको, पोळी नको, भडंग तर नकोच. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून माशांना पाव आणि भडंग टाकणारी माणसं बघितली की माझा जीव तुटतो, ते पुण्य नव्हे. कासव एका बाजूला कलून तरंगायला लागलं, नाकातून बुडबुडे आले, पापण्या सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. आणि नकोसं झालं तर रंकाळ्यात, कळंब्यात, पंचगंगेत सोडू नका. आमच्यासारख्यांना विचारा, सांभाळणारं घर शोधता येतं.

आणि ज्यांच्या घरी अजून नाही, त्यांनी आणू नका. पोराला प्राणी हवा असेल तर त्याला सकाळी कळंब्याला पक्षी दाखवायला न्या.

आबा आता थकलेत. कासव जेवणाच्या ताटाएवढं झालंय, नातू शिकून पुण्यात नोकरीला लागलाय. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, फ्लॅटची गॅलरी पूर्वेला आहे, उघडी आहे, साडेसात ते दहा ऊन येतं, मी आठवडाभर घड्याळ लावून बघितलंय. आबा म्हणतात, आता तू ने. पण ती दगडी डोण लिफ्टमध्ये चढत नाही." मी म्हटलं, डोण राहू दे, मोठा टब घे. विटा मात्र त्याच ने, त्याच्या पायाला त्यांची सवय आहे.

नमस्कार.