मागचा शॉकअप, पुढचं हँडल

(दृश्य: डबल स्टँडवर जुनी मोटरसायकल. मागचे दोन्ही शॉकअप काढून बाकावर ठेवलेले.)

शॉकअप निघाले की जुन्या गाडीची सगळी ऐट जाते. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा आणि वरखाली हलणारा सांगाडा, खाली पडतो, चाक जमिनीला टेकतं आणि मडगार्डखाली नुसती पोकळी दिसते. या पोकळीत किती लांबीचा शॉकअप बसवायचा? जुना मोजा आणि तेवढाच नवा मागवा, असं कुणीही सांगेल.

पण जुना म्हणजे मूळचाच, याची खात्री काय? 1949 ची रॉयल एनफील्ड बुलेट आणि 1950 ची नॉर्टन या ब्रिटिश कंपनीची फेदरबेड फ्रेम आली, तेव्हापासून स्विंगआर्म आणि दोन शॉकअप ही जोडी रस्त्यावर रुळत गेली. इतक्या वर्षांत गाडी कितीतरी हातांतून फिरलेली असते. मधल्या एखाद्या मालकाला हवी ती लांबी मिळाली नाही, म्हणून मिळाली ती त्याने ठोकून दिली, असं सर्रास होतं.

तरी मोजायचं. नीट मोजायचं.

(दृश्य: बाकावर आडवा शॉकअप, दोन्ही टोकांच्या डोळ्यांवर, म्हणजे बोल्ट जाणाऱ्या कड्यांवर, टेप.)

लांबी म्हणजे वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, शॉकअप पूर्ण उघडलेला असताना. डोळ्याचा मध्य नजरेने पकडणं अवघड असतं. म्हणून दोन्ही भोकं सारखी असतील तर वरच्या भोकाच्या वरच्या कडेपासून खालच्या भोकाच्या वरच्याच कडेपर्यंत टेप धरा, माप तेच येतं. टोकापासून टोकापर्यंत मोजलंत तर एका अख्ख्या डोळ्याची रुंदी फुकट वाढते. त्या काळातल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं माप 300 ते 350 मिलिमीटरच्या घरात असतं. बऱ्याच ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांना गर्लिंग कंपनीचे 12.9 इंची, म्हणजे साधारण 328 मिलिमीटरचे शॉकअप असत.

एवढ्या लांबीत दहावीस मिलिमीटरने असं काय बिघडतं?

बिघडतं ते पुढे. समजा दोन चाकांमधलं अंतर 1400 मिलिमीटर आहे आणि मागची बाजू 25 मिलिमीटरने उचलली. सगळी गाडी पुढच्या चाकावर साधारण एक अंशाने कलंडते आणि पुढचं चाक धरणारा फोर्क तेवढाच उभा होतो. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे भेटतो. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. गाडीला सरळ ठेवणारा तोच. एका अंशात तो सहा-सात मिलिमीटरने घटतो. हँडल हलकं होतं, गाडी वळणात पटकन झुकते, आणि वेग वाढला की हँडल थरथरायची शक्यताही वाढते. शॉकअप आखूड केला तर याच्या उलट: हँडल जड, वळण रुंद, आणि जरा झुकलं की सायलेन्सर किंवा स्टँड रस्त्याला घासतं.

माझं मत विचाराल तर, दिसण्यासाठी शेपटी वर करणारा निदान चालवताना काहीतरी मिळवतो. दिसण्यासाठी गाडी खाली बसवणारा मात्र आधीच तुटपुंजी असलेली चाकाची हालचाल आणखी कापून घेतो.

आणखी एक गफलत. गाडी मागून बसलेली दिसली की लोक लांब शॉकअप मागवतात. कित्येकदा लांबी बरोबर असते, थकलेली असते ती स्प्रिंग. स्वार बसल्यावर मागचं चाक किती वर जातं ते आधी मोजा. एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठीक. त्याहून फार जास्त असेल तर दोष स्प्रिंगचा. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळून गाडी उचलली जाते खरी, पण शॉकअपची लांबी तेवढीच राहते. बसण्यासाठी ठेवलेली जागा तेवढी संपते आणि खड्ड्यावरून जाताना चाक खाली उतरायला वाव उरत नाही.

(दृश्य: शॉकअपच्या जागी लोखंडी पट्ट्या. प्रत्येक पट्टीत ओळीने भोकं.)

मूळ माप कुठेच सापडत नसेल तर हा उपाय मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. दोन सपाट पट्ट्या घ्या, त्यांत थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडा आणि शॉकअपच्या जागी बोल्टने अडकवा. आता स्वाराला बसवा, म्हणजे पुढचा फोर्कही चालवताना दबतो तेवढा दबेल. गाडीची ठेवण बघा. मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, स्विंगआर्मच्या पिव्हटपेक्षा, म्हणजे तो फ्रेमला जोडलेला असतो त्या सांध्यापेक्षा, थोडा खाली हवा. नसेल तर भोक बदला, पुन्हा बसवा, पुन्हा बघा.

समजा ठेवण 305 मिलिमीटरच्या भोकावर जमली. ही झाली स्वार बसल्यावरची लांबी. स्प्रिंग दबेल तेवढं यात मिळवायचं. चाकाशी 30 मिलिमीटर दाब धरला तरी शॉकअपशी तो कमी असतो, कारण शॉकअप एक्सलच्या पुढे आणि तिरका असतो. पिव्हटपासून एक्सल 450, खालचा बोल्ट 400 मिलिमीटरवर आणि शॉकअप वीस अंश कललेला असेल, तर चाकाचे 30 म्हणजे शॉकअपचे 25. लांबी आली 330. आणि हेच गणित उलटं: शॉकअप दहाने लांब घेतलात, तर मागची बाजू बाराने उचलते.

उघडी लांबी ठरली की बंद लांबीही विचारा. 330 चा एक शॉकअप 80 मिलिमीटर दबतो आणि 250 वर थांबतो. तेवढ्याच लांबीचा दुसरा 100 दबून 230 पर्यंत जातो, आणि तेवढ्यात टायर मडगार्डला भिडू शकतो. स्प्रिंग काढलेला शॉकअप बसवून चाक हाताने शेवटपर्यंत उचलून पाहणं, याला पर्याय नाही. त्याच वेळी जाड स्प्रिंग चेनकव्हरला घासते का तेही दिसतं. डोळ्यातला बुश, म्हणजे आतली नळी, बोल्टवर सैल नको, आणि ओढूनताणूनही बसवायला नको. आडवा ताण पडला की शॉकअपचा दांडा आणि सील लवकर जातं.

स्टँडची अडचण पहिल्याच दिवशी कळते. लांब शॉकअपने डबल स्टँडवरही चाक जमिनीला टेकून राहतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. शॉकअप आखूड असला तर गाडी डबल स्टँडवर घेताना दम निघतो.

चेनचं मात्र उशिरा कळतं. गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र), पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. लांब शॉकअपमुळे स्टँडवर एक्सल त्या रेषेपासून आणखी खाली लोंबतो, म्हणून चेन आहे त्याहून सैल दिसते. ती जुन्या मापाने आवळली, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात तिचा सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. म्हणून शॉकअप बसवण्याआधीच स्विंगआर्म उचलून तीन बिंदू एका रेषेत आणा, तिथे चेनला थोडी ढील ठेवा आणि मगच एक्सलचा नट आवळा. नंतर स्टँडवर जेवढी ढील दिसेल, ते त्या गाडीचं नवं माप.