सातबारा आपला, फणस केंद्र सरकारचा

हा जो जांभ्याचा गडगा दिसतोय ना, शेवाळ धरलेला, तो आमच्या आजोबांनी स्वतः रचलाय. आणि त्यावर लाल रंगाने जो बाण मारलाय तो मोजणीवाल्यांचा. बाणाच्या अलीकडे आमचं, पलीकडे हायवेचं, आणि परसातला हा फणस नेमका पलीकडे गेला.

मुंबई-गोवा हायवे, म्हणजे आताचा एनएच ६६. त्याला जमीन घेतात ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली. आधी राजपत्रात थ्री-ए निघते, म्हणजे ही जमीन घ्यायचा विचार आहे असं सांगणारी कलम ३-ए ची अधिसूचना, मग तिचा मजकूर दोन स्थानिक पेपरात येतो, त्यातला एक मराठी. हरकत घ्यायला २१ दिवस. आता आमची अर्धी भावकी नालासोपारा नाहीतर डोंबिवलीला, रत्नागिरीतला पेपर तिकडे कोण वाचणार, गणपतीला गावी आले तेव्हा कळलं, तोवर मुदत कधीच संपलेली. त्यानंतर थ्री-डी, म्हणजे जमीन घेतली असं जाहीर करणारी कलम ३-डी ची अधिसूचना. ती ज्या दिवशी राजपत्रात छापून येते त्या दिवशी जमीन केंद्र सरकारची होते, मोबदल्याचा एक रुपया हातात पडायच्या आधी. ताबा मात्र रक्कम जमा केल्याशिवाय घेता येत नाही, एवढाच काय तो आधार.

लोक म्हणतात असं कसं, मालकी हा आमचा मूलभूत हक्क आहे. होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला, आता कलम ३००अ आहे, म्हणजे कायद्याचा आधार असल्याशिवाय सरकार तुमची मालमत्ता काढून घेऊ शकत नाही. आणि कायदा करणार कोण, तर सरकारच. असो.

दर वाईट नाही हं, खरं सांगायचं तर. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे गावातल्या जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मिळू शकतात, झाडं, विहीर, घर यांचं मूल्यांकन वेगळं. घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. आमच्यावर २३ नावं आहेत, त्यातले पणजोबा कागदावर अजून जिवंत, दोन आत्यांची नावं कधी लागलीच नाहीत. जमीन सामायिक, वाटप तोंडी, "वरचा कोपरा थोरल्याचा" असं. मोबदल्याच्या हिश्श्यावरून वाद झाला की प्रांताधिकारी तो कोर्टात पाठवतो, आमचा गेलाय. सरकारने जमीन घेतली ती काही महिन्यांत, आम्ही भाऊबंद पैसे वाटायला किती वर्षं घेणार देव जाणे.

समुद्राकडे गेलात तर वेगळीच तऱ्हा. तिथे सरकार जमीन घेत नाही, फक्त काय करायचं नाही ते सांगतं. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांचे नियम, १९९१ पासून आहे, २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, भरतीरेषेपासून ५० मीटर, बाकी गावांना २०० मीटर बांधकामबंदी. माड लावा, शेती करा, जुनं घर दुरुस्त करा. आमच्या मावसभावाला होमस्टे काढायचा होता, त्याची वाडी सगळीच त्या २०० मीटरात. सातबारा त्याचा, घरपट्टी तो भरतो, आणि टुरिस्ट उतरतात शेजारच्या गावात.

आणि ही जी बंद घरं दिसतायत, पडवीला कुलूप, छपरावर झाड उगवलेलं, त्यांच्याबद्दल उगाच बोललं जातं की बेवारस आहे, सरकारजमा होणार. तसं नसतं. कायद्याने वारस कोणीच उरला नाही तरच ते सरकारकडे जातं आणि कोकणात वारस नाही असं घर सापडणं कठीण, उलट जास्तच निघतात.

तर हा फणस. महामार्ग कायद्यात जमीन म्हणजे जमिनीला धरून असलेलं सगळंच, त्यामुळे थ्री-डी निघाली तेव्हाच तो केंद्र सरकारचा झाला. ठेकेदार अजून इथवर पोचलेला नाही. परवा काकीने त्याच्याच कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी केली, वरून भरपूर ओलं खोबरं.