लेडी मॅकबेथची मेणबत्ती

मित्रहो, अठराव्या शतकातली थोर इंग्रज नटी सारा सिडन्स हिचं नाव निघालं की जोशुआ रेनल्ड्सनं १७८४ साली रंगवलेलं तिचं चित्र आठवतं. त्यात ती शोकनाट्याची देवता होऊन सिंहासनावर बसली आहे. चित्र थोरच आहे. पण आज मला बोलायचंय ते पोटासाठी राबणाऱ्या, लेकुरवाळ्या नटीबद्दल. माझ्या मते तिची कला तिथूनच आली.

५ जुलै १७५५ रोजी वेल्समधल्या ब्रेकन गावी एका खानावळीत तिचा जन्म झाला. वडील रॉजर केंबल यांची गावोगाव फिरणारी नाटकमंडळी होती. मंडळीतलाच नट विल्यम सिडन्स याच्यावर तिचं मन बसलं. घरच्यांना ते पसंत नव्हतं, तरी १७७३ साली तिनं त्याच्याशी लग्न केलं.

दोन वर्षांनी लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरचा सर्वेसर्वा डेव्हिड गॅरिक यानं तिला बोलावलं. २९ डिसेंबर १७७५ रोजी ती शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया म्हणून उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला दोन महिनेही झाले नव्हते. ओली बाळंतीण, अवघी वीस वर्षांची, आणि समोर लंडनचा प्रेक्षक! आवाज पोचेना, पाय लटपटले. त्या हंगामानंतर गॅरिक निवृत्त झाला आणि तुमची गरज नाही, असं पत्र तिला आलं. त्या धक्क्यानं ती आजारी पडली. पुढे तिनं लिहून ठेवलंय की लहानग्यांसाठी म्हणून आपण स्वतःला सावरलं.

मग सहा वर्षं प्रांतोप्रांतीची भटकंती. मँचेस्टर, यॉर्क, आणि १७७८पासून बाथ व ब्रिस्टल. आज एका गावी, उद्या दुसऱ्या, भूमिका सतत बदलत्या. याच काळात तिनं हॅम्लेटसुद्धा केला. ती घडली ती या वर्षांत. बाथ सोडताना तिनं आपली तीन मुलं रंगमंचावर आणली आणि मला जावं लागतंय त्याची कारणं हीच, असं प्रेक्षकांना सांगितलं. १० ऑक्टोबर १७८२ रोजी ती ड्रुरी लेनला परतली, इझाबेला या दुःखी विधवेच्या भूमिकेत. नाटकातल्या तिच्या मुलाचं काम तिच्या स्वतःच्या हेन्रीनं केलं. लंडन अक्षरशः रडलं.

आता २ फेब्रुवारी १७८५. लंडनमध्ये तिची पहिली लेडी मॅकबेथ, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली, नवऱ्याला राजाच्या खुनाला उद्युक्त करणारी आणि पुढे झोपेत हातावरचं रक्त धूत फिरणारी बाई. झोपेत चालण्याच्या प्रवेशात आधीची गाजलेली नटी हॅना प्रिचर्ड हातातली मेणबत्ती शेवटपर्यंत सोडत नसे. तोच पायंडा पडला होता. सिडन्सनं ती खाली ठेवायचं ठरवलं. थिएटरचा मालक शेरिडन प्रयोगाआधी तिच्या खोलीशी येऊन हट्टाला पेटला की हे लोकांना चालणार नाही. तिचं म्हणणं साधं होतं: बाई हातावरचं रक्त धुतेय, मग दोन्ही हात मोकळे नकोत का? तिनं मेणबत्ती ठेवली आणि हात धुतले. प्रयोगानंतर शेरिडननं येऊन तिचं अभिनंदन केलं. संहिता वाचून घेतलेला निर्णय म्हणतात तो हा. नवख्या नटांना मी हे आवर्जून सांगतो.

२१ एप्रिल १७९४ रोजी नवं, अवाढव्य ड्रुरी लेन नाटकांसाठी मॅकबेथनंच उघडलं. तेव्हा तिला सहावा महिना होता. जुलैत सेसिलिया झाली. सात मुलांपैकी पाच तिच्या डोळ्यांदेखत गेली. उरली ही सेसिलिया आणि बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत असलेला जॉर्ज. आणि इतकं कमावूनही कायद्यानं तिचा पैसा नवऱ्याचा! शेरिडन तर ठरलेले पैसेही वेळेवर देत नसे. याचा मला आजही संताप येतो.

२९ जून १८१२ रोजी लंडनच्याच कोव्हेंट गार्डन थिएटरात तिचा निरोपाचा प्रयोग झाला, अर्थात लेडी मॅकबेथचाच. झोपेत चालण्याचा प्रवेश संपला आणि लोकांनी पुढचं नाटक होऊच दिलं नाही.

या भूमिकेवर तिनं लिहिलेलं टिपण तिच्या मृत्यूनंतर, १८३४ साली, टॉमस कॅम्बेलनं लिहिलेल्या तिच्या चरित्रात छापलं गेलं. ते मिळवून वाचा. लोक लेडी मॅकबेथला राक्षसीण समजत. सिडन्सला ती गोरी, नाजूक दिसते. मी मुलाला अंगावर पाजलंय, असं लेडी मॅकबेथ म्हणते ना, त्याच ओळीवर सिडन्स थांबते आणि लिहिते की या बाईला आईची माया खरोखर ठाऊक होती. एवढं क्रूर बोलतानाही तिला ती आठवते, म्हणून.