सभासदाची पत

मित्रहो, 'पतसंस्था' हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातल्या 'पत' या शब्दापाशी आज थोडे थांबू. मंडईत संध्याकाळी पिग्मी एजंट येतो, भाजीवाल्या मावशी गल्ल्यातून पन्नास रुपये काढून देतात आणि तो हातातल्या यंत्रातून पावती काढून देतो. मावशींकडे पगारपत्रक नाही, प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही, त्यामुळे मोठ्या बँकेच्या दारात त्यांना उभे राहणेही अवघड. परंतु तीन वर्षे नेमाने भरलेली पिग्मी आणि शेजारच्या गाळेवाल्याची जामीनकी एवढ्या आधारावर पतसंस्था त्यांना हातगाडीसाठी कर्ज देते, कारण तेथे त्यांना ओळखणारी माणसे बसलेली असतात.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, ते सावकाराकडची कर्जखते हस्तगत करून जाळण्यासाठी. सावकारावाचून पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे एक उत्तर १८८९ साली बडोद्यात मिळाले. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने तेथे सुरू झालेल्या मंडळीचे नावच 'अन्योन्य', म्हणजे 'एकमेकांसाठी', असे होते. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर, १९०४ साली झाला. पुढे १९०६ साली पुण्यात कॉसमॉस व मुंबईत शामराव विठ्ठल आणि १९१८ साली सारस्वत या संस्था उभ्या राहिल्या.

इतर बँकांत ज्याचे भाग (शेअर) जास्त त्याच्या शब्दाला वजन जास्त. सहकारी बँकेत मात्र भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. मला ही सहकाराची सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते, आणि आपण तिचीच सर्वांत अधिक हेळसांड केली आहे. ज्या ओळखीमुळे मावशींना कर्ज मिळते, त्याच ओळखीमुळे संचालकाच्या सोयऱ्यालाही पुरेशा तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे गुंतला होता आणि तो नोंदींमध्ये दडवला गेला होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला आपल्याच खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. पुढे फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींचे विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. मात्र हे संरक्षण सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की लाभांशाचा आकडा पाहून तो बाजूला ठेवू नका. थकबाकीचे पान काढा, संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील येणे पाहा, लेखापरीक्षणात मिळालेला अ, ब, क असा वर्ग सलग तीन वर्षांचा ताडून पाहा. मी सभासद असलेल्या एका पतसंस्थेच्या सभेत वर्षानुवर्षे सगळे विषय 'मंजूर, मंजूर' या गजरात वीस मिनिटांत उरकत असत. एका वर्षी एक निवृत्त शिक्षिका पेन्सिलीने खुणा केलेला अहवाल घेऊन उठल्या आणि थकबाकी दुप्पट का झाली, एवढेच त्यांनी विचारले. व्यासपीठावरून उत्तर यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सभागृहात कोणीही 'मंजूर' म्हटले नाही.